जुन्या डेस्कटॉपची रॅम: निवड, जोडणी आणि ओव्हरक्लॉकिंग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज-कुपवाड या पट्ट्यात आठ-दहा वर्षं जुने डेस्कटॉप अजून रोज राबतायत. मार्केट यार्डातल्या आडत दुकानात, गावच्या दूध संस्थेत, झेरॉक्स सेंटरवर, विश्रामबागेत खोली घेऊन राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडे. ‘टाकून द्या, नवीन घ्या’ असं सांगून मोकळं होता येतं, पण यातली कितीतरी मशीनं योग्य रॅम (चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी) पडली की आणखी काही वर्षं चांगली चालतात. दुरुस्तीला येणारे लोक जे प्रश्न सारखे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत.

मशीन फार हँग होतं. रॅम वाढवली की फास्ट होईल का?

रॅम कमी पडतेय का, हे आधी बघा. रोज जे काम करता ते सगळं उघडा: टॅली, ब्राउझरमधले नेहमीचे टॅब, व्हॉट्सॲप वेब. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर रॅम नक्की अपुरी आहे. रॅममध्ये न मावणारं सामान विंडोज डिस्कवर ठेवतंय आणि लागेल तसं परत उचलतंय, त्यातच वेळ जातोय.

मेमरी निम्मीच भरली आहे आणि तरी डिस्क १०० टक्के असेल, तर दोष रॅमचा नाही. तिथे फिरती हार्ड डिस्क काढून साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, टाका. दोन्ही गोष्टींची गरज आहे आणि पैसे एकाचेच आहेत, अशा वेळी मी एसएसडी आधी टाकायला सांगतो. ४ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं मशीन निदान कसंबसं चालवता येतं; ८ जीबी रॅम आणि दमलेली हार्ड डिस्क असलेलं मशीन सकाळी चालू व्हायलाच चहा संपेपर्यंत वेळ घेतं.

मेमरी, डिस्क दोन्ही मोकळ्या आणि प्रोसेसरच सतत १०० टक्के असेल, तर या पानावरच्या कुठल्याच उपायाचा फारसा उपयोग होणार नाही.

माझ्या बोर्डला डीडीआर२ लागते, ३ लागते की ४?

डीडीआर२, ३, ४ या रॅमच्या पिढ्या; बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, ज्याच्यावर प्रोसेसर आणि रॅम बसतात. कोणती पिढी लागेल याचा प्रोसेसरवरून बराचसा अंदाज येतो. कोअर टू ड्युओच्या काळातले बोर्ड डीडीआर२चेही आहेत आणि डीडीआर३चेही, त्यामुळे तिथे बोर्डच बघावा लागतो. इंटेलच्या आय३-आय५-आय७च्या पहिल्या ते चौथ्या जनरेशनला डीडीआर३. सहाव्या आणि सातव्या जनरेशनला बहुतेक ठिकाणी डीडीआर४, पण एच११० चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप; एच६१, जी४१ ही अशीच नावं) स्वस्त बोर्डांपैकी काही कमी व्होल्टेजच्या डीडीआर३एलचेही निघाले, म्हणून ‘सिक्स्थ जनरेशन आहे म्हणजे डीडीआर४च’ असं गृहीत धरून खरेदी करू नका. आठव्या-नवव्या जनरेशनला डीडीआर४. इंटेलची स्पर्धक एएमडी हिच्या एएम३ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) आणि एफएक्स प्रोसेसरना डीडीआर३, आणि एएम४ सॉकेटच्या सगळ्या रायझन प्रोसेसरना डीडीआर४.

एक पिढी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना आहेत, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे. डीडीआर४ला २८८ पिना आहेत. व्होल्टेजही वेगळं: डीडीआर२ला १.८, डीडीआर३ला १.५ आणि डीडीआर४ला १.२ व्होल्ट. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. जोरात दाबून स्लॉट फुटलेले बोर्ड दुरुस्तीला येतात आणि त्यांचं फारसं काही करता येत नाही.

लॅपटॉपची रॅम आकाराने लहान असते, ती साध्या डेस्कटॉपला चालत नाही. ऑफिसमधून निघालेल्या छोट्या, पुस्तकाएवढ्या मशीनमध्ये मात्र लॅपटॉपचीच रॅम असते.

कॅबिनेट न उघडता आत काय आहे ते कळेल का?

हो. सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यातल्या एसपीडी या टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधली स्टिक, म्हणजे रॅमची एक कांडी, कोणत्या कंपनीची, किती जीबीची आणि किती वेगाची ते येतं. मेमरी या टॅबमध्ये ती आत्ता प्रत्यक्ष किती वेगाने चालतेय ते दिसतं.

इथे हमखास एक घोळ होतो. १३३३ वेगाची रॅम असताना सीपीयू-झेड ६६५ दाखवतं आणि लोक म्हणतात, दुकानदाराने फसवलं. फसवलेलं नसतं. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा देते, म्हणून ६६५च्या दुप्पट १३३३ आणि ७९८च्या दुप्पट १६००. दिसलेला आकडा दुप्पट करा आणि मग स्टिकरशी ताडून बघा.

४ जीबी पुरे, ८ घेऊ की १६?

बिलिंग, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, सातबारा काढणं एवढंच काम असेल तर ८ जीबी. आजचे ब्राउझर बघता ४ जीबीवर काम करणं म्हणजे रोजचा मनस्ताप. फोटोशॉप, लग्नाच्या अल्बमचं डिझाइन, ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग असेल तर १६. घरी सिनेमा आणि मुलांचा अभ्यास याला ८ भरपूर.

दोन मर्यादा तेवढ्या तपासा. पहिली बोर्डची: दोन स्लॉटचे एच६१ आणि एच८१ बोर्ड १६ जीबीपर्यंत जातात, जी४१चे बोर्ड ८ जीबीवर थांबतात. दुसरी विंडोजची: ३२ बिटचं विंडोज असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरलीच जात नाही, आणि त्यातलीही सव्वातीन-साडेतीनच हाताला लागते. जुन्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज ७ अजून सापडतं. तिथे रॅमबरोबर ६४ बिटचं विंडोजही टाकावं लागेल, त्याचा वेळ आणि डेटाचा बॅकअप हिशोबात धरा.

रॅम वाढवली म्हणून विंडोज ११ला मशीन पात्र ठरत नाही, हेही सांगून ठेवतो. इंटेलच्या मशीनला त्यासाठी आठव्या जनरेशनचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा नेटबँकिंग ज्या मशीनवर होतं त्याच्यावर पैसे घालताना हा विचार करा.

एकच ८ जीबीची स्टिक घेऊ की ४-४च्या दोन?

दोन. मेमरीला प्रोसेसरपर्यंत दोन वाटा असतात, त्यालाच ड्युअल चॅनल म्हणतात. एकच स्टिक लावली तर एक वाट रिकामी पडते. डीडीआर३ १६००ची एक स्टिक सेकंदाला १२.८ जीबी डेटा देऊ शकते, दोन वाटांनी तेच २५.६ होतं. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनवर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण बोर्डावरचं ग्राफिक्स याच रॅममधून खातं.

चार स्लॉट असतील तर कोणत्या दोनमध्ये लावायच्या ते बोर्डाच्या पुस्तिकेत बघा. नव्या बोर्डांवर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा असतो, जुन्यांवर एका रंगाचे दोन स्लॉट. लावल्यावर दोन्ही वाटा चालू आहेत की नाही ते सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये बघून घ्या.

जुनी ४ जीबी तशीच ठेवून शेजारी दुसऱ्या कंपनीची ८ जीबी लावली तर?

बहुतेक वेळा चालते. इंटेलच्या मशीनवर पहिली ४ अधिक ४ जीबी दोन्ही वाटांनी चालते आणि उरलेली ४ एका वाटेने. वेग मात्र दोघींपैकी कमी असेल त्याचा. बैलजोडीत एक बैल मंद असला की दुसऱ्यालाही त्याच चालीने चालावं लागतं, तसंच. १६००ची नवी स्टिक १३३३च्या शेजारी बसली की तीही १३३३वरच चालणार.

रोजच्या कामाला हे पुरतं आणि पैसेही वाचतात. ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, विचार असेल तर मात्र वेगवेगळ्या स्टिक नकोत. एकाच पाकिटात जोडी म्हणून आलेल्या दोन घ्या. दोन वेगळ्या पाकिटांवर एकच मॉडेल नंबर असला तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

ऑनलाइन १६ जीबी डीडीआर३ फारच स्वस्त दिसतेय. घेऊ का?

थांबा. अशा स्वस्त स्टिकमध्ये दोन प्रकार असतात आणि दोन्ही घरगुती इंटेल मशीनवर चालत नाहीत.

पहिला प्रकार सर्व्हरची रॅम. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर मोडीत निघाले की त्यांची रॅम ढिगाने बाजारात येते. स्टिकरवर पीसी३-१२८००च्या पुढे ‘आर’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ती रजिस्टर्ड रॅम आहे. तिच्यावर मधोमध एक जास्तीची चिप दिसते. साध्या बोर्डावर ती लावली की डिस्प्लेच येत नाही. आपल्याला ‘यू’ लिहिलेली हवी.

दुसरा प्रकार ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी ८ जीबीची डीडीआर३. तिच्या चिपची आतली मांडणी वेगळी असते, एएमडीच्या जुन्या बोर्डांना ती समजते, इंटेलला नाही. जाहिरातीत हे अगदी बारीक अक्षरांत असतं, म्हणून वर्णन शेवटपर्यंत वाचा. वरून इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या जनरेशनला एका स्लॉटमध्ये ८ जीबीपेक्षा मोठी स्टिक चालतच नाही. तेव्हा १६ जीबीची एक डीडीआर३ स्टिक ही तुमच्या कामाची वस्तू नाही.

जी४१ बोर्डवाल्यांचा वेगळा त्रास. त्यांना ४ जीबीची अशी डीडीआर३ स्टिक लागते जिच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप आहेत. एकाच बाजूला आठ चिप असलेली नवी स्टिक तिथे एकतर चालत नाही किंवा निम्मीच दिसते. दुकानात ‘सोळा चिपची द्या’ असं म्हणा आणि दोन्ही बाजू बघून घ्या.

स्टिकरवरचे बाकीचे आकडे काय सांगतात?

पीसी३-१०६०० म्हणजे डीडीआर३ १३३३. पीसी३-१२८०० म्हणजे १६००. पीसी४-१९२०० म्हणजे डीडीआर४ २४००, पीसी४-२१३०० म्हणजे २६६६ आणि पीसी४-२५६०० म्हणजे ३२००. मोठा आकडा म्हणजे वेगाला आठने गुणलेलं असतं, कारण एका वेळी आठ बाइट जातात. पीसी३च्या पुढे ‘एल’ असेल तर ती १.३५ व्होल्टची.

१.५ व्होल्टच्या बोर्डावर १.३५ व्होल्टची डीडीआर३एल चालेल?

साधारणपणे चालते, ती दोन्ही व्होल्टेजवर चालण्यासाठीच बनवलेली असते. धोका उलट दिशेने आहे. सहाव्या जनरेशनच्या डीडीआर३एलवाल्या बोर्डावर जुन्या मशीनची १.५ किंवा १.६५ व्होल्टची स्टिक लावू नका. त्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर १.३५ व्होल्टसाठी बनवलेला आहे. मशीन चालूही होईल, पण रोज जास्त व्होल्टेज सोसून प्रोसेसरचं आयुष्य कमी होण्याचा धोका राहतो. रॅम वाचवायला जाऊन प्रोसेसर घालवू नका.

नवीन घ्यावी की सेकंडहँड? सांगलीत मिळेल का?

डीडीआर४ नवीन सहज मिळते. डीडीआर३ नवीन मिळते, पण नावाजलेल्या कंपन्यांची कमी आणि कधी न ऐकलेल्या नावांची जास्त. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आहे. त्यामुळे मागे तुमच्या भावंडाने किंवा मित्राने ज्या किमतीला घेतली तिच्याशी आजची किंमत ताडून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. दोन दुकानांत विचारा, बिल घ्या, वॉरंटी लिहून घ्या.

डीडीआर३साठी माझं मत सेकंडहँडच्या बाजूने आहे. ऑफिसच्या ब्रँडेड मशीनमधून निघालेली सॅमसंग किंवा हायनिक्सची स्टिक ही अनोळखी नावाच्या नव्या स्टिकपेक्षा भरवशाची. रॅममध्ये फिरणारा भाग नाही, ती वापराने झिजत नाही. खराब व्हायची ती बहुतेक वेळा सुरुवातीला होते किंवा वीज, पाणी, गंज यांनी होते. घेताना सोनेरी पट्ट्या बघा: काळे डाग, हिरवट थर किंवा खवले नकोत. चिपवरचं छापील नाव घासलेलं नको. स्टिकरवर एक कंपनी आणि सीपीयू-झेडमध्ये दुसरी येत असेल तर परत करा. आठ दिवसांत बदलून देण्याची बोली करूनच पैसे द्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणाकडून मागवत असाल तर ही बोली आधी फोनवर करून घ्या, कारण परत पाठवायचा खर्च शेवटी तुमच्या माथी येतो.

रॅम घरी बसवता येईल का?

येईल, घाई नसेल तर. मशीन बंद करा, मागची केबल काढा आणि मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि मगच रॅमला हात लावा. थंडीत-उन्हाळ्यात कोरड्या हवेत हे विसरू नका. स्टिक कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. क्लिप आपोआप ‘टक’ करून बंद झाली की बसली.

आपल्याकडे खरा शत्रू धूळ. हळदीच्या दुकानातलं मशीन उघडलं की स्लॉटच्या फटीत, पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या जाळीत बारीक पिवळी पूड दबून बसलेली असते. पावसाळ्यात ती ओल धरते, पट्ट्या आणि स्लॉटच्या पिना यांच्यात थर होतो आणि एके दिवशी मशीन बीप मारत राहतं. अशा ठिकाणी नवी रॅम घालण्याआधी स्लॉट मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. स्टिकच्या पट्ट्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, म्हणजे रबराचे कण स्लॉटमध्ये जात नाहीत.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर रॅमचं काम बाजूला ठेवा आणि वायरमन बोलवा. अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. जुन्या वाड्यांमध्ये आणि गाळ्यांमध्ये तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. अशा लाइनवर कुठलीही रॅम, कुठलाही बोर्ड भरवशाचा नाही.

रॅम बदलली आणि डिस्प्ले येईना, नुसता बीप येतो.

घाबरू नका, बहुतेक वेळा स्टिक नीट बसलेली नसते. वीज काढून परत बसवा. मग एकच स्टिक एका स्लॉटमध्ये लावून बघा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी स्टिक. अशाने दोष स्टिकचा की स्लॉटचा ते निघतं. जुनी रॅम लावल्यावर चालू होत असेल आणि नवी कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नसेल, तर ती स्टिक त्या बोर्डाला जुळत नाही किंवा खराब आहे. बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, विंडोजच्या आधी चालू होतं ते) अपडेट केल्याने कधी कधी जुळते, पण तो अपडेट यूपीएस नसताना करू नका. मधेच लाइट गेली तर बोर्डच बंद पडेल.

३२००ची रॅम घेतली, पण २१३३च दाखवते. का?

पाकिटावरचा वेग हा बहुतेक वेळा ओव्हरक्लॉकचाच वेग असतो. मशीन पहिल्यांदा सुरक्षित, कमी वेगावर चालू होतं. स्टिक बनवणाऱ्याने जास्त वेगाचं सेटिंग स्टिकमध्येच लिहून ठेवलेलं असतं, त्याला एक्सएमपी म्हणतात. बायोसमध्ये जाऊन ते चालू करायचं असतं. काही एएमडी बोर्डांवर त्याच जागी डीओसीपी असं नाव दिसतं. पैसे ३२००चे देऊन वर्षानुवर्षं २१३३वर चालणारी मशीनं मी बरीच बघतो, म्हणून रॅम घेतलेल्या प्रत्येकाला हे एकदा तपासायला सांगतो.

तरी वाढत नसेल तर बोर्डाची मर्यादा आहे. एच११० बोर्डावर सहाव्या जनरेशनला २१३३ आणि सातव्याला २४००, त्याच्या पुढे नाही.

माझ्या बोर्डावर ओव्हरक्लॉक होईल का?

इंटेलच्या जुन्या बोर्डांत नावाचं पहिलं अक्षर बघा. झेड असेल तर होईल: झेड६८, झेड७७, झेड८७, झेड९७, झेड१७०, झेड२७०. दुसऱ्या जनरेशनच्या काळातला पी६७ही चालतो. एच६१, बी७५, एच८१, बी८५, एच११०, बी२५० हे सगळे बंद. आपल्याकडची निम्म्याहून जास्त मशीनं एच६१ आणि एच८१ची आहेत, त्यांना स्वच्छ उत्तर ‘नाही’ असं आहे. एच६१वर दुसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर १३३३ला थांबतो, तिसऱ्याचा १६००ला. अशा मशीनसाठी १८६६ची महाग स्टिक घेणं म्हणजे पैसे पाण्यात. डेल, एचपी, लेनोव्होच्या ऑफिसमधल्या मशीनच्या बायोसमध्येही हे पर्याय नसतात.

बेस क्लॉक (मशीनचा मूळ ठोका) १०० मेगाहर्ट्झवरून वाढवून बघू का, असं कॉलेजची मुलं विचारतात. दुसऱ्या ते चौथ्या जनरेशनवर तो क्लॉक फक्त रॅमचा नसतो. साटा (डिस्कची जोडणी), पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक कार्डाची जोडणी) सगळं त्याच्यावर चालतं. तीन-चार टक्क्यांच्या पुढे गेलं की डिस्कवर चुकीचं लिहिलं जाण्याची भीती. त्या वाटेला जाऊ नका.

एएमडीत रायझनच्या बी३५० आणि बी४५० बोर्डांवर मोकळीक आहे.

करून उपयोग किती होतो?

इथे मी सरळ बोलतो. टॅली, एक्सेल, ब्राउझर यांत काहीही फरक जाणवणार नाही. वेगळं ग्राफिक कार्ड असलेल्या जुन्या इंटेल मशीनवर काही गेममध्ये थोडा फरक पडतो, मोठ्या फाइल झिप करताना थोडा पडतो.

जिथे खरंच करावं असं मशीन म्हणजे प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेलं एएमडी. रायझन ३ २२००जीसारखा २०१८चा प्रोसेसर एका २१३३च्या स्टिकवर चालत असेल तर त्याचं ग्राफिक्स अक्षरशः उपाशी असतं. दोन स्टिक लावून २९३३ किंवा ३२००वर नेलं की तोच गेम, जो अडखळत होता, खेळण्यासारखा होतो. शिवाय रायझनमध्ये प्रोसेसरचे आतले भाग एकमेकांशी ज्या जोडणीतून बोलतात, ती मेमरीच्या क्लॉकबरोबर चालते, म्हणून रॅमचा वेग वाढला की तीही वाढते. सुट्टीत घरी आलेल्या मुलाकडे असं मशीन असेल तर नवीन ग्राफिक कार्डाचा हट्ट धरण्याआधी हे करून बघा.

सीएल१६, सीएल२२ म्हणजे काय? कमी चांगलं का?

डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंत किती ठोके थांबावं लागतं, तो आकडा. पण ठोका लहान की मोठा यावर खरा वेळ ठरतो, म्हणून नुसता सीएल बघून चालत नाही. हिशोब सोपा आहे: सीएलला २०००ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. डीडीआर३ १३३३ सीएल९चे १३.५. डीडीआर३ १६०० सीएल११चे १३.७५. डीडीआर४ ३२०० सीएल२२चेही १३.७५, आणि ३२०० सीएल१६चे १०. म्हणजे १३३३ सीएल९ काढून १६०० सीएल११ लावली तर थांबण्याचा वेळ जराही कमी झाला नाही, फक्त एका दमात जास्त डेटा यायला लागला. एकाच वेगाच्या दोन स्टिकमध्ये किमतीचा फरक थोडा असेल तर कमी सीएलची घ्या.

प्रत्यक्ष ओव्हरक्लॉक कसं करायचं?

पहिलं काम डेटाचा बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर. दुसरं, बायोसमधल्या आत्ताच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा. मग एक्सएमपी असेल तर ते चालू करा आणि तपासणी करा (कशी ते पुढच्या प्रश्नात आहे). बहुतेकांनी इथेच थांबावं.

हाताने करायचं तर उदाहरण घेऊ. झेड७७ बोर्ड, तिसऱ्या जनरेशनचा आय५, १६०० सीएल११च्या ४-४ जीबीच्या दोन स्टिक, १.५ व्होल्ट. फक्त वेग १८६६ करा, टायमिंग (सीएल आणि त्याच्यासारखे थांबण्याचे बाकीचे आकडे) ११-११-११-३० ठेवा, व्होल्टेजला हात लावू नका. चालू झालं तर तपासणी. चूक निघाली तर व्होल्टेज १.५५ करून परत बघा. इंटेलने या पिढीसाठी १.५ व्होल्टच्या वर पाच टक्के, म्हणजे १.५७५पर्यंतच मुभा दिली आहे. बाजारात १.६५च्या स्टिक मिळतात आणि लोक वापरतातही, पण जुन्या प्रोसेसरवर मी १.५७५ ओलांडायला सांगणार नाही. तो प्रोसेसर गेला तर त्याच्या जोडीचा बोर्ड शोधत बसावं लागतं.

१८६६ स्थिर झालं की मग टायमिंग एकेक करून कमी करा, ११चे १०. सीएल११ला ११.८ नॅनोसेकंद लागतात, सीएल१०ला १०.७. एका वेळी एकच गोष्ट बदला. वेग, टायमिंग, व्होल्टेज तिन्ही एकदम बदललं आणि मशीन अडलं, तर कशामुळे अडलं ते कळायला मार्ग उरत नाही.

डीडीआर४ला १.२ हे मूळ आणि एक्सएमपीला १.३५ व्होल्ट नेहमीचं. जुन्या रायझनवर त्याच्या पुढे जायची गरज नाही. पहिल्या पिढीच्या रायझनने ३२०० घेतलं नाही तर हट्ट करू नका, २९३३वर ठेवा.

स्थिर झालंय हे कसं ओळखायचं? विंडोज तर चालू झालं.

विंडोज चालू होणं हा पुरावा नाही. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू करा आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. ८ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. यूपीएस असेल तर बरं. एक जरी लाल ओळ आली तरी ते सेटिंग नापास. ‘हजारात एकच चूक आहे’ हा युक्तिवाद रॅमच्या बाबतीत चालत नाही. त्यानंतर विंडोजमध्ये प्राइम९५ या प्रोसेसर-रॅमवर भार टाकणाऱ्या सॉफ्टवेअरची ब्लेंड चाचणी दोन-तीन तास चालवा, कारण प्रोसेसर तापलेला असताना मेमरी वेगळी वागते.

आणि ही चाचणी एप्रिल-मेमध्ये परत करा. जानेवारीच्या गारव्यात पास झालेलं सेटिंग पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चाळीस अंशांना नापास होऊ शकतं. रॅमवरच्या रंगीत पत्र्याने फार काही होत नाही, कॅबिनेटमधून हवा खेळती राहणं महत्त्वाचं. भिंतीला चिकटवलेलं मशीन वीतभर पुढे ओढा.

दुकानाच्या हिशोबाच्या मशीनवर करू का?

नाही. मशीन अडकलं, निळा स्क्रीन आला तर निदान कळतं तरी. वाईट तेव्हा, जेव्हा काहीच कळत नाही. मजकूर म्हणून साठवलेल्या आकड्यात एक बिट (संगणकातला एक शून्य किंवा एक) उलटला की ३चा ७ होऊ शकतो. संगणकाच्या लेखी त्या दोन अंकांत एवढाच फरक आहे. कोणताही इशारा न देता तो चुकीचा आकडा फाइलमध्ये जातो, तिथून बॅकअपमध्ये जातो. शेतकऱ्याची पट्टी, सभासदाचं दूध बिल, कामगाराचा पगार ज्या मशीनवर होतो, तिथे रॅम बोर्डाच्या ठरलेल्या वेगावरच चालली पाहिजे. त्या मशीनला जास्त जीबी द्या, एसएसडी द्या, चांगला यूपीएस द्या. वेगाचा प्रयोग घरच्या मशीनवर करा.

सेटिंग चुकलं, आता काहीच दिसत नाही.

काही बोर्ड दोन-तीन वेळा प्रयत्न करून आपोआप मूळ सेटिंगवर येतात, म्हणून आधी मिनिटभर थांबा. नाही आलं तर वीज काढा, बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, काढून ठेवा, पॉवरचं बटण दाबून धरा, पाच-दहा मिनिटांनी सेल परत लावा. जंपर (बायोसची सेटिंग पुसण्यासाठी बोर्डावर दिलेल्या पिना) असेल तर पुस्तिकेप्रमाणे तो वापरा, ते जास्त खात्रीचं. चालू झाल्यावर तारीख-वेळ नीट करा, नाहीतर बँकेच्या साइट उघडत नाहीत. सेल जुना असेल तर याच वेळी नवा टाका, किरकोळ किमतीचा असतो.

महापुरात भिजलेल्या मशीनची रॅम वाचेल का?

२००५, २०१९ आणि २०२१ या पुरांनंतर गावभागात आणि नदीकाठच्या गावांत हा प्रश्न घरोघरी आला. बोर्डाच्या सॉकेटखाली आणि स्लॉटमध्ये गाळ जाऊन बसतो, त्यामुळे बोर्ड क्वचितच भरवशाचा राहतो. रॅमची स्टिक मात्र सपाट असल्याने वाचण्याची शक्यता असते, अट एकच: ती भिजलेली असताना वीज चालू नसली पाहिजे. डिस्टिल्ड वॉटरने गाळ धुवा, मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, दोन दिवस सावलीत वाळवा. पट्ट्यांवर हिरवा गंज किंवा खड्डे असतील तर टाकून द्या. वाचलेली स्टिक पहिल्यांदा चांगल्या बोर्डावर लावू नका, एखाद्या मोडीतल्या चालू बोर्डावर तपासा आणि मेमटेस्टची पूर्ण रात्र द्या.

काढलेल्या जुन्या स्टिकचं काय करू?

चालू असलेली एक तरी स्टिक घरात किंवा दुकानात राहू द्या. उद्या डिस्प्ले गेला तर दोष कुठे आहे ते तिच्यावरून पाच मिनिटांत कळतं आणि मशीन उचलून आणायची खेप वाचते. नव्या रॅमबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात किंवा चंदेरी पिशवीत ठेवा, किराणाच्या पातळ पिशवीत नको, तिच्यात स्थिर वीज तयार होते. वर पेनाने लिहून ठेवा: डीडीआर३, ४ जीबी, १६००, आणि कोणत्या मशीनमधून, कोणत्या तारखेला काढली.